चिंध्या बांधलेला दोर

मी सोजराबाई. खोटं बोलणाऱ्याचा मला लई राग. आमच्या पोराला, प्रेमानंदाला, लहानपणी एका खोट्यापायी मी दिवसभर भाकर दिली न्हाई. आन् तीच मी सात वर्सं सरकारला खोटं सांगत राहिले. तोंडानं न्हाई, विहिरीनं. हसायचं तर हसा, पण आधी नीट ऐकून घ्या.

आमचं गाव वारंगा फाट्यापासून दीड कोस आत. गावाच्या खालच्या अंगाला आमचं तीन एकर रान, आन् रानात आमच्या मालकांनी, म्हणजे किशनरावांनी, खणलेली विहीर. दोन उन्हाळे आमी दोघं खपलो. त्यांनी खाली फोडायचं, मी वरून पाट्या ओढायच्या. मुरूम संपला, काळा खडक लागला, सुरुंग लावणारा आणावा लागला. दुसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी खडकाच्या फटीतून पाणी आलं. मालक खाली पायाकडं बघत उभे. मी वरून हाका मारून राहिले, तर हे वर यायला तयार न्हाईत. म्हणले, "थांब जरा, पाय भिजू दे."

विहिरीत एवढा जीव काहून, तेबी सांगते. मी नवी नवरी होऊन आले तवा गावच्या विहिरीला आमाला हात लावू देत नव्हते. घागर खाली ठेवून कडंला उभं राहायचं. कुणी वरून वतलं तर पाणी, न्हाई तर सबंध सकाळ तितंच जायची. आमच्या शेजारच्या रानातल्या सटवाजीची आई वतायची बिचारी, पण तीबी हात लांब करूनच. पुढं ते दिवस गेले. आमीबी काई निमूट बसणारे नव्हतो. पण मालकांच्या डोक्यातून ते उभं राहणं गेलं न्हाई. ते म्हणायचे, एक दिवस सारं गाव आपल्या रानात पाण्याला येईल, आन् आपण कुणालाच उभं ठेवायचं न्हाई. हे त्यांचं सपान. संसारात भांडी सामाईक असतात तसं ते माझंबी झालं.

त्र्याण्णव साली वसराम आला. तांड्यावरचा माणूस, पाण्याच्या सरकारी हापिसात नोकरीला. येष्टीनं फाट्यावर उतरायचा आन् तितल्या हाटेलात ठेवलेली सायकल काढून गावोगाव फिरायचा. त्यानं आमची विहीर बघितली, कठड्यावर पिवळ्या रंगानं नंबर घातला आन् म्हणला, आजपासून ही सरकारच्या नजरंखाली. मी घाबरलेच. सरकारची नजर म्हणजे काई धड असतंय का! पण न्हाई, त्याला विहीर नको होती, पाणीबी नको होतं. वर्सातून चार वेळा यायचं, संक्रांतीला, होळीनंतर, वैशाखात आन् दिवाळीच्या आधी, पाणी किती खोल हाय तेवढं बघायचं आन् वहीत लिहायचं. फितीला खडू घासायचा, फीत खाली सोडायची, वर ओढायची. खडू जितवर भिजला तितवर पाणी.

मला ते येडेपणाचं वाटलं. मी विचारलं, ह्या कामाचा पगार तुमाला देतंय तरी कोण?

"तुमीच की," वसराम म्हणला. "तुमी काडीपेटी घेता, साबण घेता, त्यात एक वाटा सरकारचा असतो. त्यातनं ही फीत आन् माझा पगार."

म्हणलं, म्हणजे तुमी माझे गडी झालात. तो हसला, म्हणला, व्हय बाई, तुमचा आन् साऱ्या गावाचा. मग मी त्याला बराबर गड्यासारखं झापलं: गडी असून चार खेपा नुसत्या बघण्यात घालता, ह्यातून निघणार काय? तर तो म्हणला, आत्ता काईच न्हाई. दहा-वीस वर्सं लिहीत गेलं म्हणजे निघंल. खालचं पाणी मुंगीच्या चालीनं चालतं, त्याच्या मागं जायला तसाच सावकाश माणूस लागतो.

झालं. त्या दिवसापासून पाण्याचं ते चालणं माझ्या डोक्यात शिरलं. विहिरीपाशी लिंबाचं झाड हाय. दुपारी भाकर खाऊन मी त्याखाली आडवी झाले की डोळा लागायचा आधी मला ते दिसायचं. खाली काळोखात पाणी चालून राहिलंय, खडकाच्या फटीफटीतून, कुणाच्या रानाची हद्द न मानता. आमच्या विहिरीत जरा टेकायचं, मग सटवाजीच्या रानाखालून नाल्याकडं जायचं. कान भुईला लावला तर मला त्याचं पाऊल वाजल्यासारखं वाटायचं. मालक म्हणायचे, तुझंच काळीज वाजतंय, नीज आता.

मालकांचीबी एक मोजायची रीत होती. दर बुद्ध पौर्णिमेला, ऐन वैशाखात, ते पोहरा विहिरीत सोडायचे. पोहरा पाण्याला टेकला की दोर वर चाकावर जिथं असेल तिथं एक चिंधी बांधायचे. पुढल्या उन्हाळ्याला दोर किती लागंल ते त्यावरून समजायचं. पहिल्या साऱ्या चिंध्या त्यांच्याच जुन्या धोतराच्या, पांढऱ्या, आन् अगदी जवळजवळ. पाणी बसल्या जागचं हलत नव्हतं.

शहाण्णवच्या पावसाळ्यात मालक गेले. दोन दिवस ताप आला आन् तिसऱ्या दिवशी माणूस न्हाई. प्रेमानंद तवा नांदेडला कामाला लागला होता, तो ये म्हणला, पण विहीर सोडून मी कुठं जाणार?

पुढल्या वैशाखात पौर्णिमेला मी पोहरा सोडला. दोर सरकत गेला, सरकत गेला, पांढऱ्या चिंध्या मागं टाकून खाली गेला. मी माझ्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधली, पार हातभर अंतरावर. खाली वाकून बघितलं तर ज्या फटीतून पाणी आलं होतं ती उघडी पडलेली. दोन दिवसांनी वसराम येणार होता. तो हे लिहिणार. मालकाला जाऊन वरीस झालं न्हाई तवर त्यांच्या विहिरीचं उणं सरकारच्या वहीत जाणार. मला ते सोसंना. आमच्यात पाहुणा यायचा म्हणलं की घागरी आधी भरून ठेवतात, रिकामं भांडं त्याच्या नजरंला पडू देत न्हाईत. मला तीच बुद्धी झाली. मी सटवाजीकडं गेले.

सटवाजी मोठा शेतकरी, हळदीवाला. त्याची बोअर दोनशे फुटांची. मी म्हणलं, भाऊ, वसराम यायचा हाय, एक दिवस तुमच्या मोटरीचं पाणी आमच्या विहिरीत सोडा. त्यानं काहून म्हणून विचारलं न्हाई, पाइप जोडून दिला. लाइट होती तवर पाणी पडत राहिलं. दुसऱ्या दिवशी वसरामनं फीत सोडली, खडू बघितला आन् म्हणला, बाई, भोवतालच्या साऱ्या विहिरी खाली गेल्या, तुमची तेवढी खंबीर. मला असं वाटलं की मालकांचीच कुणी तारीफ केली. मी त्याला दोनदा चहा पाजला.

मग तीच चाल पडली. वसराम यायच्या आदल्या दिवशी सटवाजीचा पाइप माझ्या विहिरीत. त्याचंबी त्यात काम होतं, ते मला मागाहून समजलं. पाणी खाली गेलेलं दिसलं तर सरकार बोअर बंद करील ही त्याला भीती. नव्व्याण्णवला आमचा जिल्हा बदलला, परभणीचं हिंगोली झालं, वसरामचं हापीस बदललं, पण फीत तीच आन् पाइप तोच. एका हातानं मी हे करत होते, आन् दुसऱ्या हातानं दर पौर्णिमेला, पाइप पडायच्या आधी, खरी चिंधी बांधत होते. ती मालकांची रीत होती, ती मोडायची हिंमत मला झाली न्हाई. प्रेमानंदाच्या निळ्या सदऱ्याची, माझ्या चोळीची, उशीच्या अभ्र्याची, एकेक चिंधी खाली खाली. दोर पुरंना तसा नवा जोडत गेले. घरात खुंटीवर खरं टांगलेलं आन् सरकारच्या वहीत खोटं. तरी मला झोप लागायची, त्याचंच नवल वाटतं.

दोन हजार चारचा उन्हाळा लई वाईट आला. गावची विहीर संक्रांतीलाच आटली, आमच्या विहिरीत तळाला माझ्या दोन घागरींपुरतंच उरलं. बाया दोन कोसांवरून पाणी आणून राहिल्या. सटवाजीची बायको आशाबाई, तिची सून वैष्णवी पाच महिन्यांची पोटुशी, तीबी डोक्यावर घागर घेऊन. सटवाजीच्या बोअरला पाणी होतं, पण ते गरम, खारट, भाजीबी शिजंना त्यात.

होळी झाली आन् वसराम आला. बरोबर हापिसातल्या मॅडम होत्या, भुईच्या पोटातलं शिकलेल्या. वय असंल पंचवीस-सव्वीस. त्यांनी बांधावर नकाशा पसरला आन् मला जवळ बसवून बोट ठेवून दाखवलं. आजूबाजूच्या विहिरींचे आकडे वर्सावर्साला खाली गेलेले, तुमची एकटी थांबलेली. दोन वर्सं मी ह्याच विहिरीचा विचार करून राहिले, त्या म्हणल्या. हिच्याखाली मोठी फट असणार, लांबून पाणी येत असणार. म्हणून गावच्या पिण्याच्या पाण्याची नवी विहीर तुमच्या रानाच्या कोपऱ्यात घ्यायची ठरलं हाय. एकच मंजूर हाय. वैशाखात, पौर्णिमेच्या नंतरच्या सोमवारी आखणी, लगेच खोदकाम.

मी काय बोलले ते मला आठवत न्हाई. माझ्या रानात. साऱ्या गावाची विहीर. त्या दुपारी लिंबाखाली पडले तर मला जागेपणीच दिसायला लागलं. बांधावरून बायांची रांग येऊन राहिलीय, आशाबाई, वैष्णवी, पाटलांच्या घरच्या, साऱ्याजणी. कुणाला उभं राहायचं काम न्हाई. मालक कठड्यावर बसलेत, म्हणून राहिलेत, भरा, भरा. घागरींचा आवाज येत होता. ऊन पानांतून पडत होतं, पण अंगाला लागत नव्हतं. असे कितीतरी दिवस गेले. मी रानातली कामं करायचे, पण माझं सारं चित्त त्या रांगेत. खालचं खरं काय ते मला ठाऊक होतं, पण जे ठाऊक हाय त्याकडं पाठ करून बसायला माणसाला काई तकलीफ पडत न्हाई.

पौर्णिमा आली. सकाळी बुद्धाच्या फोटोला फूल वाहिलं, दोर काढला, विहिरीवर गेले. पोहरा सोडला. साऱ्या चिंध्या चाकावरून गेल्या, पांढऱ्या, हिरवी, निळी. दोर शेवटाला आला आन् खाली ठक् असं वाजलं. वर ओढला तर पोहऱ्याच्या बुडाला नुसता गाळ. मी चिंधी बांधली.

शनिवारी सटवाजी पाइप घेऊन आला. मी म्हणलं, भाऊ, ह्या बारीला नको. तो थांबला. म्हणला, वहिनी, सोमवारी साहेब लोक येणार, कोरडी विहीर बघितली तर हितली खणाई रद्द. वर माझी बोअर जाईल ती जाईल. मग तो कठड्यावर टेकला आन् माझ्या वर्मावरच बोट ठेवलं त्यानं. म्हणला, किशनरावाचं सपान व्हतं हे. हातातोंडाशी आलंय. सांगून काय मिळणार तुमाला?

मी म्हणलं, उद्या सांगते. तो पाइप तितंच टाकून गेला.

रविवारी दुपारी लिंबाखाली डोळा लागला. मी विहिरीत वाकून बघून राहिले. खाली खडकावर मालक उभे, तसेच, पायाकडं बघत, त्या दिवशीसारखे. मी हाक मारली, अहो, वर या. ते म्हणले, थांब जरा, पाय भिजू दे. आन् त्यांचे पाय कोरडे. सगळा खडक कोरडा, भेगाळलेला. ते थांबूनच राहिले. मी जागी झाले तर तोंडावर ऊन आलेलं आन् पदर सारा भिजलेला, घामानं म्हणा की रडून म्हणा. उठले, सटवाजीचा पाइप गुंडाळला आन् त्याच्या बांधावर नेऊन ठेवला.

सोमवारी मॅडम आल्या, वसराम आला, चुन्याची फक्की घेऊन गडी आले. सटवाजी, आशाबाई, निम्मं गाव जमलं. वसराम फितीला खडू घासायला लागला तवा मी दोर त्याच्यासमोर टाकला.

"वसरामभाऊ, मालक गेल्यापासनं तुमच्या वहीत ह्या विहिरीचं जे हाय ते खोटं हाय," मी म्हणलं. "खरं ह्या दोरात हाय."

मग मी सगळं सांगितलं. पाइपाचं, पाहुण्याच्या घागरीचं, चिंध्यांचं. सटवाजीचं नाव मी घेतलं न्हाई, पण तो खाली मान घालून उभा होता, ते साऱ्यांनी बघितलं. मॅडमच्या तोंडाकडं माझ्यानं बघवंना. दोन वर्सं पोरीनं माझ्या खोट्याचा अभ्यास केला होता. वसरामला राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. तो हळूच म्हणला, "सात वर्सं सायकल हाणली, बाई. साहेबाला सांगायचो, माझी फीत खोटं बोलत न्हाई."

"तुमची फीत खरीच हाय," मी म्हणलं. "काडीपेटीचे पैसे माझे, गडी माझा, आन् मी मलाच फसवत बसले."

वसरामनं फीत सोडली. वर ओढली तर खडू कोरडाच्या कोरडा. त्यानं वहीत लिहिलं, कोरडी. मला वाचून दाखवलं आन् म्हणला, हेबी मोजमापच हाय, बाई. मग त्यानं दोर बांधावर लांब पसरला. पोहऱ्यापासून एकेका चिंधीपर्यंत फीत लावली. कोणती चिंधी कोणत्या सालची ते मी सांगत गेले: हे मालकांचं धोतर, हे माझं लुगडं, हा प्रेमानंदाचा सदरा. मॅडम लिहून घेत होत्या. दोर ताणला असंल, तेवढी तूट धरावी लागंल, असं म्हणल्या. जुने आकडे त्यांनी खोडले न्हाईत, त्यांच्या शेजारी नवे मांडले आन् वर लिहिलं, घरच्या माणसानं दोरावर मोजलेले. मग बाकीच्या विहिरींच्या आकड्यांशी ते लावून बघितले. बराबर तीच उतरण, हातभर इकडं न्हाई की तिकडं न्हाई. मॅडम म्हणल्या, खाली मोठी फट नव्हतीच, आजी. मी म्हणलं, न्हाई बाई, खाली मीच होते.

बाकी कुणी खोटं केलं नव्हतं हे गावाचं नशीब. वसरामच्या अकरा वर्सांच्या वहीत नाल्याकाठची एक विहीर सगळ्यांत कमी उतरलेली निघाली. ती सटवाजीच्या रानाला लागून. मॅडमनी दोन दिवस नाल्यात पायपीट केली, खडक ठोकून बघितले, आन् फक्की पडली ती सटवाजीच्या रानात. अट एकच, उन्हाळ्यात त्याची बोअर बंद. सटवाजी कुरकुरायला लागला. आशाबाई तवाच दोन कोसांवरून आली होती. तिनं घागर उतरवून नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली. त्यानं कागदावर सही केली.

चाळीस फुटांवर पाणी लागलं. माझ्या रानाच्या कोपऱ्यात खणली असती तर साठ फुटांवरबी धूळच निघाली असती, हे वसराम मला म्हणला. म्हणला, एक माणूस, एक फीत, अकरा वर्सं. महाग पडलो का मी तुमाला? मी म्हणलं, गड्यानं मालकिणीला असलं विचारायचं नसतं. तो हसला. किती दिवसांनी हसला.

नव्या विहिरीवर पहिल्या दिवशी मी मुद्दाम उशिरा गेले. घागर घेतली, चिंध्यांचा तोच दोर घेतला. बायांची गर्दी होती, बांधावरून रांग, अगदी मला दिसायची तशी. फक्त बांध सटवाजीचा होता. सपान एका बांधानं चुकलं, असं मनात आलं. मी सवयीनं कडंला उभी राहिले. चाळीस वर्सांपूर्वीची सवय, पायांनी कुठं जपून ठेवली होती कोण जाणे. आशाबाई चाकापाशी होती. तिच्याच सासूनं मला हात लांब करून पाणी वतलं होतं. तिनं मागं वळून बघितलं, आपली अर्धी भरलेली घागर बाजूला सरकवली आन् म्हणली, "तिकडं काहून उभ्या? या, आधी तुमी भरा."

मी पुढं गेले. दोर चाकावर घातला आन् पोहरा सोडला. मालकांच्या धोतराची पहिली चिंधी चाकापर्यंत यायच्या आतच पोहरा पाण्याला टेकला. घागर मी माझ्याच हातानं भरली. उरलेलं पाणी पायांवर वतलं आन् जरा वेळ तितंच थांबले.